आधी आपल्या जिभेवर

२ नोव्हेंबर

आले एकदाची! सामान म्हणजे एक बॅग, गादीची वळकटी आणि माझं पदवीचं प्रमाणपत्र. ते आईने माझ्या आधी बसमध्ये चढवलं आणि खिडकीपाशी ठेवलं. मी मधल्या जागेवर. आमच्या घरात पदवी पाहिलेली मीच पहिली, त्यामुळे तिला वारा लागला तरी आईचा जीव खालीवर होतो.

दादाने निघताना टोमणा मारलाच. माणसांची औषधं शिकलीस आणि निघालीस कुत्र्यामांजरांना पाजायला, म्हणे. मी सांगितलं, मुक्या जनावराला औषध देणं उलट जास्त जबाबदारीचं आहे. ते बरं नसताना बरं वाटतंय असं खोटं सांगत नाही. दादा म्हणाला, खरं तरी कुठे सांगतं?

दवाखाना मनात भरला. पुढे तपासणीची खोली, मधे औषधांची खोली (किल्ली माझ्याकडे, फक्त माझ्याकडे!) आणि मागे लांबलचक वॉर्ड. दोन्ही बाजूंना स्वच्छ पिंजरे, वरून मोठाल्या खिडक्यांतलं ऊन. वास फिनेलचा, पण त्याखाली ओल्या केसांचा एक उबदार वास आहे, तो मला आवडला. माझी खोली वर, जिन्याला लागून.

डॉक्टरांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. उंच, आखूड केस, बाह्या कोपरापर्यंत गुंडाळलेल्या. कंपाउंडरला सगळे 'भिंगरी' म्हणतात, कारण तो एका जागी ठरत नाही. बोलताना फडकं मारतो, ऐकताना सुया मोजतो. खरं नाव विचारलं तर म्हणाला, ताई, आठवलं की सांगतो, घाई कसली.

मी ही नोकरी धरली ती मात्र एका नियमासाठी. बाईंनी तो मुलाखतीतच सांगितला होता: आधी आपल्या जिभेवर, मग मुक्याच्या. इथे जे तोंडावाटे द्यायचं त्याचा थेंब देणाऱ्याने आधी स्वतः घ्यायचा, प्रत्येक प्राण्याच्या वेळी. आपण सोसू शकत नाही ते त्यांच्या घशात ओतायचं नाही. कॉलेजच्या सरांनी ऐकलं असतं तर माझा कान धरला असता, औषध काय चाखायची गोष्ट आहे? पण सरांनी असा न्याय कुठे पाहिलाय? मला तर रडू येण्याइतकं पटलं. 

५ नोव्हेंबर

काम अंगवळणी पडतंय. गोळ्या खलात घोटायच्या, मधात कालवायच्या, पातळ औषध बिनसुईच्या पिचकारीत भरून गालाच्या कडेने आत सोडायचं. जिभेवर सोडलं तर ठसका लागतो. मांजरांना चादरीत गुंडाळावं लागतं, नाहीतर आपल्याच हातावर नक्षी.

आज 'साहेब' आले. साहेब म्हणजे थोराड, करड्या तोंडाचा कुत्रा, आणि त्यांना दोन्ही हातांवर घेऊन आलेले त्यांचे मालक म्हणजे एक निवृत्त मास्तर. बायको गेल्यापासून घरात दोघंच. कुत्र्याचे मागचे पाय गेलेत, जेवण सोडलंय. मास्तर म्हणाले, मी अजून हाक मारतो, हा नुसते कान हलवतो.

बाईंनी तपासलं आणि 'तरतरी' लिहून दिली. हे इथलं खास औषध, बाई भुकटी मागवतात आणि पातळ मी करते. मरगळ घालवणारं, मेंदूला टोचणी देणारं. वॉर्डातल्या बहुतेकांना तेच चालू आहे. मी थेंब चाखला. कडू, आणि मग जीभ गार पडते.

दुपारी साहेब उठून उभे राहिले! शेपटी हलवत वॉर्डभर फिरले. मास्तर खांबाला धरून रडत होते आणि भिंगरी त्यांची पाठ थोपटत त्याच हाताने खांब पुसत होता.

माझ्याही अंगात वारं भरल्यासारखं झालंय. औषधांची सगळी फळी लावून टाकली, घरी पत्र लिहिलं, जेवायचं विसरले. डोकं इतकं लख्ख कधीच नव्हतं. यालाच समाधान म्हणत असावेत.

९ नोव्हेंबर

एक गोष्ट लिहून ठेवते. घाबरले आहे असं नाही.

दुपारच्या वेळी खिडकीतून ऊन येतं. अशा उन्हात मांजर म्हणजे सांडलेलं दूध, जिथे पडेल तिथे पसरायचं. आज वॉर्डात गेले तर सगळी मांजरं उभी. उन्हाच्या चौकोनात, चारही पायांवर, किंचित डुलत. कुत्रेही उभे. कुणी भुंकत नाही. तोंडं मात्र हलताहेत, चघळल्यासारखी, आणि तोंडात काही नाही. बुबुळांची इतकी काळी वर्तुळं झालीत की मांजराचे डोळे आहेत हे सांगावं लागेल. मी आल्यापासून यातलं कुणी निजलेलं पाहिलंय का? आठवून पाहिलं. नाही.

मीही निजले नाही. पडते, छताकडे बघते, उठते. त्रास म्हणून काही होत नाही, म्हणून इतके दिवस मोजलंच नव्हतं.

बाईंना जाऊन स्पष्ट सांगितलं. म्हटलं, असली औषधं ताकद देत नसतात, काळजाकडून उसनी घेतात. झोप मारतात, भूक मारतात, ताप चढवतात, ठोके पळवतात. थोड्या मात्रेत, नेमक्या आजाराला, रोज लक्ष ठेवून दिलं तर गोष्ट वेगळी. इथे सरसकट चाललंय. बाई शांतपणे म्हणाल्या, तू रोज घेतेस ना? तुला कसं वाटतं?

छान वाटतं, मी म्हटलं.

मग झालं तर, म्हणाल्या.

जिना चढताना डोक्यात लखकन उजेड पडला. इथली चूक ती हीच. आपल्याला छान वाटलं म्हणजे औषध चांगलं, असं आम्ही सगळे धरून बसलो. छान वाटवणं हेच तर या औषधाचं काम! चोरालाच पहाऱ्यावर बसवल्यासारखं झालं हे. आणि माप? कुत्र्याच्या मापाचा थेंब, पण प्रत्येक पिंजऱ्यापुढे एक. दिवसाकाठी माझ्या पोटात किती जातो याचा हिशेब मी, औषधशास्त्राची पदवीधर, मांडला नाही.

१० नोव्हेंबर

साहेबांच्या छातीला नळी लावली. ठोके मोजता येईनात. कुणी शिलाई मशीन सोडून दिलंय आणि बंद करायला विसरलंय, असं.

मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं की मात्रा उतरवत आणू या, त्याला थोडं निजू द्या. मास्तर माझ्यावर कधी नव्हे ते कडाडले. मी याला उठवायला आणलाय पोरी, निजवायला नाही. बायकोच्या वेळी निजवणारे घरी बघितलेत मी पुष्कळ. मग लगेच माफी मागितली आणि साहेबांचे कान कुरवाळत बसले. साहेब उभेच.

मी ठरवलंय. नोकरी सोडून पळणार नाही. किल्ली माझ्याकडे आहे तोवर मी इथेच बरी. एकदम तोडणं धोक्याचं असतं, म्हणून रोज पाणी थोडं वाढवत न्यायचं, भुकटी कमी करायची. सगळ्यांची. माझीही.

१३ नोव्हेंबर

सकाळी साहेबांच्या छातीला नळी लावली.

काही नाही.

जागा बदलली. डावीकडे, खाली, काखेत. स्वतःच्या कानात बोट घालून पाहिलं. आवाज नाही. श्वासही नाही. आणि साहेब माझ्याकडे बघत शेपटी हलवत होते. अंग हाताला गार लागलं, फरशीइतकं गार.

शेजारच्या पिंजऱ्यात लावली. तिथेही नाही. तपकिरी मांजराला होते, जीव तोडून पळणारे. पांढऱ्याला नाही.

भिंगरीला धरून आणलं. म्हटलं, मला वेड लागलंय का ते सांग. तो हसला. म्हणाला, अहो, या दवाखान्यात वेड लागायलाही फुरसत हवी! आणि फडकं खांद्यावर टाकून त्याने सदऱ्याची बटणं काढली. माझंही बघा की एकदा, म्हणाला.

मी नळी लावली.

तो बोलतच होता. खालच्या पंख्याला तेल हवंय, वाळू संपत आलीय, कुत्र्यांच्या चादरी धोब्याने अजून दिल्या नाहीत. इतकं सगळं बोलणाऱ्या त्या छातीत —

काही नव्हतं.

त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बटणं लावली. म्हणाला, मलाही तसं वाटत होतंच, ताई. जिना चढताना दम लागेनासा झाला तेव्हाच.

१४ नोव्हेंबर

बाईंनी नाकारलं नाही. मला बसायला सांगितलं, स्वतः उभ्या राहिल्या. त्यांना बसलेलं मी कधी पाहिलंच नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

म्हणाल्या, थांबलेलं थांबू दे. चालतंय ना सगळं? रोजचा थेंब चुकला नाही की झालं. त्यांनी आयुष्यभर प्राण्यांना कायमचं निजवण्याची इंजेक्शनं दिली. एक दिवस ठरवलं, इथून पुढे या दारातून कुणी आडवं जाणार नाही. बोलताना त्यांचा आवाज इतका मायेचा होता की मला जास्त भीती वाटली. 

आणि थेंब चुकला तर, मी विचारलं. म्हणाल्या, राहिलेली सगळी झोप एकदम येते.

मी सांगितलं, मी हे चालू देणार नाही. बाई म्हणाल्या, उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याच जिभेवर आजचा थेंब पडला ना सकाळी?

पडला होता. कमी मापाचा, पण पडला होता.

१६ नोव्हेंबर

धाकटी आली आहे! न कळवता, पाठीला पुस्तकांचं ओझं बांधून. तिची प्रवेश परीक्षा जवळ आली, घरी दादाची पोरं अभ्यास करू देत नाहीत. ताई, तुझ्याकडे राहते, तुझ्यासारखी मला पदवी घ्यायचीय, म्हणाली. दाराशीच मिठी मारली आणि लगेच म्हणाली, किती गार झालीस गं.

तिला खाली उतरायची सक्त मनाई केली. उद्या सकाळच्या बसने परत. तोंड फुगवून निजली आहे. हो, निजली आहे! तोंड उघडं, पाय पांघरुणाबाहेर. मी नुसती बघत बसले आहे. झोपलेलं माणूस किती सुंदर दिसतं हे मी विसरले होते.

१७ नोव्हेंबर

सकाळी मी किल्ली खुंटीला अडकवून आंघोळीला गेले तेवढ्यात.

बाहेर आले तर धाकटी टेबलापाशी उभी. बसलेली नाही, उभी. पानं उलटतेय, ओठ हलताहेत, जबडा एकीकडून दुसरीकडे. ताई, तुझ्या बाई किती चांगल्या गं, म्हणे. पेलाभर दिलं काहीतरी, कडू होतं पण एका वाचनात सगळं पाठ!

पेलाभर.

छातीवर हात ठेवला. मुठीत धरलेल्या चिमणीसारखं फडफडत होतं. तिला ओढलं तर हात झटकून ओरडली, तू शिकलीस, आता मी तुझ्या पुढे जाईन म्हणून पोटात दुखतंय का तुझ्या? जन्मात असं बोलली नव्हती. ते तिचं बोलणं नव्हतं. मी तिला उचललं, अक्षरशः खांद्यावर टाकलं आणि माणसांच्या हॉस्पिटलात नेलं. धावत. मला दम लागला नाही.

तिथल्या तरुण डॉक्टरांना सगळं सांगितलं, तरतरीची बाटली हातात दिली. त्यांनी एक शब्द वाया घालवला नाही. सलाइन, पडद्यावर ठोक्यांची रेघ, अंग गार करायला ओल्या घड्या. म्हणाले, वेळेत आणलंत, अजून एक पेला गेला असता तर काळीज दमून बसलं असतं. बाटली तपासायला पाठवतो, औषध निरीक्षकांना आजच फोन करतो.

मग म्हणाले, तुम्हीही घेत होता ना, या इकडे.

नळी माझ्या छातीला लावली. कपाळाला आठी पडली. नळी झटकली, कानातून काढून पुन्हा घातली. म्हणाले, हे बिघडलंय वाटतं, थांबा, दुसरं आणतो.

मी थांबले नाही.

१८ नोव्हेंबर

बाबा आले. धाकटी शुद्धीवर आहे, भूक लागली म्हणते, झोप येतेय म्हणते. दाराच्या काचेतून पाहिलं. आत गेले नाही — हात धरला असता तिने. 

रडून घेतलं. म्हणजे प्रयत्न केला. डोळ्यांना पाणी आलं नाही. मग राग आला, आणि राग मात्र अस्सल होता, तरतरीचा नव्हता. माझी पदवी मी रात्ररात्र जागून मिळवली, माझ्या स्वतःच्या झोपेवर. ती झोप मला परत हवी आहे. माझ्या हक्काची आहे. कोण ही बाई, ती काढून घेणारी?

भिंगरीला विचारलं. सगळं टाकून देणार आहे, तुझंही थांबेल, तुला चालेल का? तो पहिल्यांदाच काही न पुसता उभा राहिला. म्हणाला, सुरू करताना कुणी विचारलं नव्हतं, ताई. थांबवताना विचारताय, एवढ्यावर मी खूश. चला, कुठे आहेत बाटल्या?

१९ नोव्हेंबर

झालं. मोरीत ओतलं नाही — उद्या कुणाच्या पाण्यात जाईल. मांजरांच्या वाळूत सगळी भुकटी, सगळ्या बाटल्या, वर फिनेल, काठीने कालवून लगदा. पिंपाला झाकण, झाकणाला कुलूप. निरीक्षक येतील तेव्हा पुरावाही राहील. बाई आल्या तेव्हा भिंगरी लगदाच ढवळत होता. म्हणाला, बाई, आजची भाजी जरा करपली.

बाई ओरडल्या नाहीत. गुडघ्यावर बसून फरशी हुंगत होत्या — कुठे थेंब सांडलाय का.

ज्यांचे ठोके अजून चालू होते ती जनावरं हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी पाठवलेल्या गाडीतून गेली. तपकिरी मांजर गेलं. ती जगतील. बाकीची —

मास्तरांना मी बोलावून घेतलं. खरं ते सांगितलं. साहेबांच्या छातीला त्यांचा हात लावून दिला. मग फरशीवर बसले, मांडीवर थापटलं. साहेब आले. पुढचे पाय दुमडले, मग मागचे. डोकं मांडीवर. मास्तर म्हणाले, दमला होतास ना रे? सांगायचं की मग.

निजले साहेब.

मास्तरांनी माझ्याकडे बघून मान हलवली फक्त.

२० नोव्हेंबर, सकाळ

पांढरं मांजर उन्हात पडलंय. सांडलेलं दूध.

भिंगरी बाकावर बसला. बसला! म्हणाला, अहो, हे बाक इतकं मऊ असतं होय? मग म्हणाला, ताई, नाव आठवलं — आणि हसला. सांगितलं नाही. राहूनच गेलं.

डोळे मी मिटले त्याचे. फडकं घडी करून हातात दिलं.

२० नोव्हेंबर, दुपार

औषधांच्या खोलीत आहे. कडी आतून. बाई दारावर. एक चमचा म्हणतात. कुठेतरी राखून ठेवला असशील तू, शहाणी मुलगी आहेस, म्हणतात. नखांचा आवाज. 

नाही ठेवला. असता तरी दिला नसता.

पाय शिशासारखे. अक्षरं पाहवत नाहीत. सगळी रेघेखाली घसरताहेत —

बाई म्हणतात, तुला मरायची भीती नाही वाटत? वाटते की. ओरडून सांगितलं दारातून. वाटते! पण भ्यायले म्हणून तुमचा थेंब घेईन असं समजू नका. भीती माझी आहे. झोप माझी आहे. उभं राहायचं की पडायचं ते मी —

दुपार अजून

नखं थांबली. दाराला टेकून बसल्या बहुतेक. पलीकडून वजन जाणवतं. मीही टेकले. मधे एक फळी.

बाई हळू म्हणाल्या, अंगाई म्हणतेस का गं? कुणी म्हणत नाही मला. 

म्हटली. येते तेवढी. तुमच्यासाठी नाही बाई, सगळ्यांसाठी — दुसऱ्या कडव्याला पलीकडचं वजन सैल —

बाहेर गाडी थांबली. निरीक्षक असतील. पुढच्या खोलीत पावलं. दार फोडतील. मला उठवू नका. टोचू नका काही. ऐकताय ना — कुणीही मला उठवायला काही —

धाकटे, परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक मीट. पोटभर जेव. पांघरूण घे आणि नीज. नापास झालीस तर झालीस, पुन्हा बस. पण कुणी पेला पुढे केला तर सांग त्याला, माझी ताई

जांभई आली! खरी. तोंडभर. अगं किती छान अस